सत्तावीस मीटरच्या पुढे

३ जानेवारी

प्रिय काका,

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानं घालता, म्हणून पत्र लिहिते. पत्रात तुम्हाला मला मध्येच तोडता येत नाही, हा आणखी एक फायदा.

मैदानाच्या कोपऱ्यातली सामानाची खोली अखेर आवरली. तुम्ही निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, कॉलेजचं फेकीचं प्रशिक्षण तेव्हापासून माझ्याकडे आहे, पण त्या खोलीवर राज्य तुमचंच होतं. कडा उडालेल्या थाळ्या, भाल्यांची मोडकी टोकं, न वाजणाऱ्या चार शिट्ट्या, आणि सगळ्याच्या तळाशी कुलूप घातलेली पत्र्याची पेटी. किल्ली सापडेना, तेव्हा माळीमामांनी कुलूप तोडलं. मला वाटलं, काकांनी आत काय दडवलंय कोण जाणे. निघाली काय, तर आपली पिवळी टेप. माझा थाळीफेकीचा विक्रम जिनं मोजला तीच. धुतलेल्या फडक्यात इतकी नीट गुंडाळलेली की मला एकदम भरून आलं. तोंडानं तुम्ही कधी धड कौतुक केलं नाहीत, पण टेप मात्र जपलीत.

पोलादी टेप गंजून अडकायला लागलीय, त्यामुळे आता रोज पिवळीच वापरते. मामांनी पूर्वी घातलेला तो सांधाही अजून पक्का आहे.

सकाळी मैदानावर सध्या दाट धुकं असतं. थाळी दवात पडली की गवतावर गडद रेघ उमटते. मामा त्या रेघेवर टेपचं शून्य धरून उभे राहतात, आणि टेप धुक्यातून सरकत माझ्यापर्यंत वर्तुळाच्या कडेला येते. मामा दिसत नाहीत. आकडा तेवढा माझ्या पायाशी दिसतो. कधी कधी वाटतं, पलीकडचं टोक एकवीस वर्षांपूर्वीच्या भिंगरीनंच धरलंय आणि मी हाक मारली तर ती ओ देईल.

यंदा एक मुलगी चांगली आहे. अंगानं काडी आणि चालणं ताठ, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणतात. तिची आई घरी इस्त्रीचं काम करते. लहानपणापासून मोठमोठ्या चादरी झटकून तिचा हात असा काही लांब सुटतो की बघत राहावं. शब्द मात्र सुटत नाही. आठवड्याला चार वाक्यं, त्यातलं एक ‘येते मॅडम’.

आणखी एक. त्या मोठ्या प्रशिक्षण केंद्राचं पत्र आलंय. फेकीचं सगळं माझ्याकडे द्यायचं म्हणतात. मार्चअखेर कळवायचंय. मी नाही म्हणणार आहे. कारण तुम्हाला सांगायला नको. घरच्या मैदानावर माझी थाळी चव्वेचाळीस मीटर बारा, आणि बाहेर तीनदा गेले तर तिन्ही वेळा साडेत्रेचाळीसच्या आसपास हात आखडला. असला हात घेऊन परक्या गावात कुणाला काय शिकवणार?

तुमची,
भिंगरी


१२ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद घे. पत्र तीनदा वाचलं. दोनदा चष्मा लावून आणि एकदा बिनचष्म्याचं, तोवर पाठ झालं होतं.

माझं मैदान आता म्हणजे लेकीच्या घराची तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी. लांबी चार पावलं, रुंदी दीड. समोरच्या गच्चीवर चादरी वाळत असतात. दुपारी खुर्चीत डोळा लागतो आणि तेच ते स्वप्न पडतं. तू वर्तुळात आहेस. चार वर्षांची असताना अंगणात गरगर फिरून पडायचीस, तेव्हा मी तुला भिंगरी म्हणायला लागलो, तशीच फिरतेस, फक्त पडत नाहीस. थाळी सुटते, वर जाते, आणि खालीच येत नाही. मी टेप घेऊन उभा, माळी पलीकडे उभा. सावल्या लांबतात, लोक घरी जातात, माळी जांभया देतो, थाळी आपली वरच. मग जावई चहासाठी खांदा हलवतात.

टाचणीची थाळी बघू नकोस, डावा पाय बघ. मी तीस वर्षं पायच बघितले. किती लांब गेली हे टेप सांगायची आणि मी मान डोलवायचो.

त्या पिवळ्या टेपचं मात्र एवढं कौतुक नको. जुनी कापडी टेप, तिचा काय भरवसा? ठेव पेटीत परत. प्राचार्यांच्या मागे लागून नवी पोलादी आणून घे, उद्याच घे.

केंद्राला नकार कळवण्याची घाई करू नकोस. मार्चला वेळ आहे. म्हाताऱ्याचं एवढं ऐक.

तुझा काका


२ फेब्रुवारी

प्रिय काका,

कौतुक केलं की तुम्ही लाजून विषय बदलता, तसं पत्रातही केलंत. टेप पेटीत परत वगैरे काही जाणार नाही. तुमची जपणूक आता सगळ्या पोरींना दाखवून झालीय.

आणि त्याच टेपवर काय झालं ते ऐका. मागच्या मंगळवारी टाचणीनं चव्वेचाळीस साठ टाकली. सरावात, पण टाकली. मामा पलीकडून ओरडले, ‘परत वाच गं!’ मी परत वाचलं. भिंतीवरच्या फळ्यावर माझं चव्वेचाळीस बारा एकवीस वर्षं एकटं बसलंय, ते मला तिथून दिसत होतं. खोटं कशाला बोलू, आधी वाटलं, ही फेक मोजलीच नसती तर बरं झालं असतं. मग ती पोरगी माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली, आणि मलाही बरं वाटलं. खरंच वाटलं.

पण पुढचं ऐका. रविवारी शेजारच्या कॉलेजच्या मैदानावर नेली, तर त्रेचाळीस पंच्याण्णव. मला वाटलं, वारा असेल. परत घरी आणली, चव्वेचाळीस सत्तावन्न. परवा पुन्हा बाहेर, त्रेचाळीस नव्याण्णव. साठ सेंटिमीटर, काका. माझे जायचे तेवढेच. माझाच आजार तिला लागल्यासारखा. मी तिच्या चेहऱ्यावर भीती शोधतेय, ती दिसत नाही. पण माझ्या चेहऱ्यावर तरी कुठं दिसायची?

मोठ्या स्पर्धेची यादी वीस तारखेला द्यायची आहे. तिचं नाव घालायचं नाही असं ठरवलंय. तुम्हाला आठवतं, मी चौथी आले तेव्हा तुम्ही पाठीवर हात ठेवलात आणि म्हणालात, ‘बाहेर गेलीस की बुजतेस पोरी.’ मायेनंच म्हणालात. पण ते वाक्य मी आजवर अंगावर वागवतेय. लग्नाची दोन स्थळं त्या वाक्यामुळे परत पाठवली, कारण ती लांबच्या गावची होती. हे आईलाही ठाऊक नाही. टाचणीनं चौथी येऊन ते ऐकण्यापेक्षा न गेलेली बरी. उद्या तिला नीट समजावून सांगेन.

केंद्राच्या पत्राला नकार लिहून टेबलावर ठेवलाय. तुमचं ऐकून अजून टाकला नाही, एवढंच.

भिंगरी


८ फेब्रुवारी

भिंगरे,

हे पत्र बसून वाच.

तू बुजत नव्हतीस. टाचणीही बुजत नाही. टेप खोटी आहे.

तुझ्या विक्रमाच्या वर्षी मैदानावर गवत गुडघाभर वाढलं होतं. कुणीतरी टेप तशीच टाकून गेलं, आणि माळ्यानं तिच्यावरून गवत कापायचं यंत्र घातलं. बिचारा घाबरला. दोन टोकं सापडली ती त्यानं पातळ पत्रा घालून, खिळे ठोकून अशी जोडली की सोनारानं जोडावीत. मला आणून दाखवली. मी सांधा ओढून बघितला. पक्का होता. शाबास म्हटलं. सांधा बघितला, आकडे बघितले नाहीत. मधले आकडे कोण वाचतं? आपण शून्य बघतो आणि शेवट बघतो.

टेपचं वेटोळं होतं गवतात, त्यामुळे यंत्रानं ती एका जागी नाही, दोन जागी कापली होती. मधला तुकडा गवतातच राहिला. सत्तावीस दहा नंतर एकदम सत्तावीस बहात्तर येतं. गोळा बारा-तेरा मीटरवर पडतो, तिथवर टेप खरी. म्हणून कुणाला शंका आली नाही. सत्तावीस मीटरच्या पुढे जे काही गेलं, ते तिनं बासष्ट सेंटिमीटर वाढवून सांगितलं. तुझी फेक त्रेचाळीस पन्नास होती. घरी तेवढीच, बाहेरही तेवढीच. तुझ्याइतका हुकमी हात मी तीस वर्षांत दुसरा बघितला नाही.

आता यापुढचं, जे लिहायला एकवीस वर्षं लागली. मला हे कळलं तू थाळी कायमची सोडलीस त्यानंतर महिन्याभरात. भाल्याच्या रेषा आखताना दोन टेपा शेजारी पसरल्या होत्या. मी गुडघ्यांवर बसलो तो बराच वेळ उठलोच नाही. तुझ्या विक्रमानंतर मला नोकरीत कायम केलं होतं. प्राचार्यांनी भाषणात तो आकडा दोनदा घेतला होता. मी मनाशी म्हटलं, पोरीनं तर सोडलीच आहे थाळी, आता सांगून काय होणार. पण त्याच वेळी मला माहीत होतं की सांगितलं तर तू परत वर्तुळात उभी राहशील. माहीत असून तोंड मिटून बसलो. टेप पेटीत घातली आणि किल्ली विहिरीत टाकली. तुला हाताखाली घेतलं, ते तू काकाची माया समजलीस. माया होतीच. पण तू डोळ्यांसमोर असलीस की आपण काही फार बिघडवलं नाही असं मला वाटायचं, हेही होतं.

टेप का जाळली नाही, ते मला सांगता येणार नाही.

सोबत प्राचार्यांसाठी पत्र आहे, त्यात हेच लिहिलंय. द्यायचं की नाही ते तू ठरव. फोन दोनदा हातात घेतला आणि दोन्ही वेळा ठेवला. टाचणीला अजून सांगितलं नसशील तर सांगू नकोस.

काका


२६ फेब्रुवारी

भिंगरे,

उत्तर नाही. मागायचा मला हक्कही नाही. पण रागाचं पत्र असेल तर तेही टाक, दोन ओळींचं चालेल. लेक विचारते, बाबा रोज खाली टपालपेटीपाशी कशाला जाता. मी म्हणतो, पायांना व्यायाम.

स्वप्नात थाळी अजून वरच आहे. आता माळीही कंटाळून निघून गेला. मी एकटाच टेप धरून उभा असतो.

काका


२० मार्च

काका,

हे पत्र चौथ्यांदा लिहितेय. पहिली तीन पाठवण्याच्या लायकीची नव्हती.

तुमचं पत्र पोचलं दहा तारखेला. टाचणीला मी तीन तारखेलाच सांगून मोकळी झाले होते. तिनं ऐकून घेतलं, ‘येते मॅडम’ म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

पत्र वाचून मी सामानाच्या खोलीत गेले, पिवळी टेप जमिनीवर पसरली आणि रांगत रांगत एकेक आकडा वाचत गेले. खोली पुरेना, म्हणून दारातून बाहेर, गवतावर. सांध्यापाशी पोचले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. सत्तावीस दहा. सत्तावीस बहात्तर. रोज हातात असलेली वस्तू, आणि मी हा मधला भाग कधी वाचला नव्हता. रडू वगैरे आलं नाही. मला फार वेळ असं वाटत राहिलं की मी दुसऱ्याच कुणाच्या तरी आयुष्यात चुकून राहायला गेले होते आणि आता कुणीतरी येऊन ते घर तुमचं नव्हे म्हणून सांगतंय.

मला राग मामांचा नाही, टेपचाही नाही. तुम्ही मला बुजरी म्हणालात, तेव्हा तुम्हाला तसंच वाटत होतं, म्हणून त्याचाही नाही. महिन्याभरानं खरं कळलं, तेव्हा ते वाक्य परत घ्यायला आला नाहीत, त्याचा आहे. खूप आहे. माफ केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटे आकडे आपल्या घरात पुष्कळ झाले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही टेपा घेऊन टाचणीच्या घरी गेले. त्यांची गल्ली सरळ आणि लांब आहे. पोलादी टेप तेल घालून सोडवली होती. दोन्ही शेजारी शेजारी पसरल्या. दारादारांतून लोक बघायला आले, एकानं विचारलं, ‘रस्ता रुंद करताय का?’ टाचणी बाहेर आली, वाकली आणि शून्यापासून वाचत निघाली. तिची आई हातातली इस्त्री बाजूला ठेवून मागोमाग. सांध्यापाशी आल्यावर टाचणी उकिडवी बसली. बोट पिवळीवर ठेवलं, मग पोलादीवर, मग परत पिवळीवर.

‘म्हणजे मी घाबरत नाही?’ ती म्हणाली.

‘नाही.’

‘आणि तुम्ही?’

काका, एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, मी स्वतःही नाही. मी म्हटलं, ‘बघावं लागेल.’ तिनं टेप गुंडाळायला घेतली.

यादीत नाव घातलं. तुमचं पत्र प्राचार्यांना दिलं. ते म्हणाले, इतक्या जुन्या गोष्टी कशाला उकरता. मी म्हटलं, मला फळा रंगवायचाय. शिडी मामांनी धरली. चव्वेचाळीस बारा पुसून त्रेचाळीस पन्नास मीच लिहिलं. मामांना सगळं सांगितलं होतं. ते खालून मान वर करून बघत होते आणि डोळे पुसत होते. मी खाली उतरले तर हाताला धरून मला मैदानाच्या मागच्या फाटकापाशी घेऊन गेले. फाटक खांबाला ज्या पिवळ्या पट्टीनं बांधलेलं असतं, ती पट्टी सोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. त्याच वर्षी गवताच्या ढिगात सापडली, म्हणाले, कसली आहे ते कळलं नाही, फाटकाला कामाला आली. उन्हानं विटलीय, पण आकडे वाचता येतात. ते फाटक मी रोज उघडत होते.

स्पर्धा मागच्या शनिवारी झाली. बसनं सहा तास. टाचणी वाटेत झोपली, मी जागी. मैदान मोठं, आणि सकाळी तिथंही आपल्यासारखंच धुकं. तिनं चव्वेचाळीस शून्य सहा टाकली आणि तिसरी आली. आता फळ्यावर तिचं नाव लिहायचंय, खरं.

आणि दुसरी गोष्ट. निघण्याच्या आदल्या दिवशी घरच्या मैदानावर मामांखेरीज कुणी नसताना मी थाळी हातात घेतली होती. एकवीस वर्षांनी. गुडघे कुरकुरले, पण फिरले. मामांनी शून्य धरलं, पोलादी टेप, एकतीस चाळीस. त्या परक्या मैदानावर, स्पर्धा संपून लोक पांगल्यावर, टाचणी म्हणाली, ‘बघायचं होतं ना?’ आणि थाळी माझ्या हातात दिली. ती गेली पलीकडे, धुतलेल्या चादरीसारखी टेप झटकून तिनं सरळ केली. मी फेकली. वाचायला मीच वाकले. एकतीस चव्वेचाळीस.

केंद्राला हो कळवलंय. एक तारखेला रुजू व्हायचं. नकाराचं पत्र फाडलं.

जाताना वाटेत तुमचं गाव लागतं. त्याआधीच्या रविवारी तुमच्याकडे उतरेन. मी काही बोलेन की नाही, माहीत नाही. पण जेवून जाईन. फाटकाचा तुकडा पाकिटात घातलाय. तो तुमच्याकडे असू दे.

भिंगरी


२६ मार्च

भिंगरे,

तुकडा मिळाला. गॅलरीच्या कठड्यावर पसरून ठेवला आणि वीत लावून मोजला. माझ्या तीन वितीही पुऱ्या भरत नाहीत. एवढ्याशा जागेत मी तुझी एकवीस वर्षं घालवली. लेकीला आणि जावयांना जेवताना सगळं सांगितलं. लेक म्हणाली, ताई आली की तिच्या शेजारी जेवायला मी बसणार, तुम्ही वाढा. वाढीन.

काल दुपारी खुर्चीत डोळा लागला, आणि थाळी पडली. आवाज आला, मऊ, ओल्या गवतावर पडल्याचा. माळी परत आला होता, पलीकडून ओरडला, सर, आकडा सांगा. मी टेप खाली ठेवली आणि म्हटलं, तिलाच येऊन वाचू दे. मग तू वर्तुळातून बाहेर येऊन गवतातून चालत गेलीस, आणि मी तुझे पाय बघत राहिलो.

रविवारी खाली घंटा वाजवत उभी राहू नकोस, मला ऐकू येत नाही. जिना चढून ये. दार सकाळपासून उघडं ठेवतो.

काका